अडतीस ग्रॅमचा रेझर

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०

नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प तीन.

एक, रोज पहाटे म्हाळुंगी नदीपर्यंत चालणे. उद्यापासून. आज थंडी आहे.

दोन, बायकोशी, म्हणजे रुपालीशी, वाद न घालणे. तिने सुरुवात केली नाही तर.

तीन, आणि हाच मुख्य. वापरा-आणि-फेका प्लॅस्टिकचे रेझर बंद. ॲल्युमिनियमचा सेफ्टी रेझर मागवला आहे. तीन भाग, एक पातं, जन्मभर टिकणारा. सबंध संगमनेरात असा माझ्याकडेच असेल. चौकशी केलेली नाही, पण असेलच.

लोकांना वाटतं दाढी म्हणजे फेस आणि पातं. दाढी म्हणजे धातू. आणि धातू मला कळतात. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एकवीस वर्षं असिस्टंट आहे.

४ जानेवारी, शनिवार

रेझर आला. कॉलेजात नेऊन लॅबच्या तराजूवर वजन केलं. अडतीस ग्रॅम. हातात घेतल्याचं कळतसुद्धा नाही.

तुलनेसाठी वडिलांचा, म्हणजे दादांचा, जुना पितळी रेझरही पिशवीत टाकून नेला होता, न विचारता. सत्त्याण्णव ग्रॅम. म्हणजे अडीचपट. पितळेची घनता साडेआठ, ॲल्युमिनियमची दोन पूर्णांक सात. विज्ञान स्वच्छ आहे. शिवाय दादांच्या रेझरच्या मुठीवरच्या खाचा एका बाजूला तिरक्या गेल्यात. उत्पादनदोष. पूर्वी क्वालिटी कंट्रोल नव्हता.

निष्कर्ष: ॲल्युमिनियम सर्वश्रेष्ठ.

रुपालीला निष्कर्ष वाचून दाखवला. ती दूध संघाच्या लॅबमध्ये फॅट तपासते. म्हणाली, आमच्याकडे आधी दूध तपासतात, मग आकडा लिहितात. तू अजून दाढी केलेली नाहीस. मी वाद घातला नाही. संकल्प दोन.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ८.४५

पहिली दाढी. चार ठिकाणी कापलं. कारणं:

अ) बोअरचं पाणी जड आहे.
ब) बाथरूमचा बल्ब.
क) पातं.
ड) रुपालीने बाहेरून दोनदा विचारलं, झालं का.

रेझरचा संबंध नाही.

रक्त थांबायला तुरटी फिरवली. तुरटीतही ॲल्युमिनियम असतं. म्हणजे कापणारा आणि भरणारा धातू एकच. हा मुद्दा पुढे कुठेतरी वापरायचा.

७ जानेवारी, मंगळवार

पाच ठिकाणी.

पण कारण सापडलं. रेझर हलका असल्यामुळे केस निघावेत म्हणून दाबावा लागतो. दाबला की कापतो. म्हणजे दोष दाबण्याचा आहे, हलकेपणाचा नाही.

चालायला गेलो नाही. चेहऱ्यावर कापूस.

११ जानेवारी, शनिवार

आज मोठा विचार सुचला, आणि तो स्वतःसाठी नाही, दादांसाठी आहे.

दादा पुढच्या महिन्यात ऐंशी पूर्ण करतील. साखर कारखान्यात चौतीस वर्षं होते, वर्कशॉपला, लेथवर धातू कापणारे टर्नर. दिवाळीपासून त्यांचे हात थरथरतात. बशीतला चहा सांडतो. शर्टाची बटणं रुपाली लावते, जेवताना ताटाखाली ओलं फडकं ठेवते. दाढी मात्र अजून स्वतःची स्वतः करतात. दार लावून. अर्धा तास लागतो, पण कधी ओरखडासुद्धा दिसला नाही.

आता शास्त्र बघू. थरथरता हात आणि त्यात सत्त्याण्णव ग्रॅमचा गोळा. कधीही अनर्थ होऊ शकतो. हलका रेझर त्यांनाच जास्त हवा.

त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. घनता, संवेग, जडत्व. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "माजा हाय तो बरा हाय."

नोंद: अंशतः सहमत.

१२ जानेवारी, रविवार

रुपालीने मोडीत द्यायला दोन गळकी पितळी पातेली आणि एक मोडकी समई काढली होती. छबूबाईंच्या भांड्यांच्या दुकानात ती देऊन स्टीलचा डबा आणायचा होता. पिशवी मी नेली.

जाताना दादांचा रेझरही त्यात टाकला.

हे भावनेच्या भरात केलेलं नाही. जुनी वस्तू फळीवर दिसत राहिली तर माणूस सवयीने तीच उचलतो आणि प्रयोग बिघडतो. दादांना सांगितलं नाही, कारण ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला सगळं माहीत असून चालत नाही. याला ब्लाइंड ट्रायल म्हणतात.

डबा छान आहे. झाकण घट्ट बसतं.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.३०

दादांनी फळीवर पाहिलं. साबण उचलून पाहिला. तेलाच्या बाटलीमागे पाहिलं. मग तसेच उभे राहिले, हात फळीवर ठेवून.

मी ॲल्युमिनियमचा पुढे केला. म्हणालो, आजपासून हा वापरा, तुमच्यासाठीच आहे. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मूठ फिरवून खोलली, स्क्रूच्या आट्यांवरून नख फिरवलं, परत लावली. दार लावून घेतलं.

बाहेर आले तेव्हा गालावर दोन आणि ओठाखाली एक.

सुरुवातीला माझीही चार होती. म्हणजे त्यांची प्रगती माझ्यापेक्षा चांगली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दादांनी दाढी केली नाही. सणाचा दिवस, कंटाळा आला असेल.

१८ जानेवारी, शनिवार

पाचवा दिवस. पांढरे खुंट चांगलेच दिसतात. सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचायचे ते आता आतल्या खोलीत वाचतात. ते नव्या तंत्राचा अभ्यास करत असावेत.

रुपालीने विचारलं, दादांचा रेझर कुठाय. मी म्हणालो, या जगात कुठलीच वस्तू नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. ती म्हणाली, मी रूप विचारलं नाही, जागा विचारली.

कॉलेजला उशीर होत होता.

२१ जानेवारी, मंगळवार

रेझरवर साबणाचा पांढरा थर बसला होता. कॉलेजात धुण्याच्या सोड्याचं कडक पाणी उकळलं आणि त्यात टाकून जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर बुडबुडेच बुडबुडे. मळ कसा निघतोय हे मी सगळ्या स्टाफला बोलावून दाखवलं.

केमिस्ट्रीच्या निकिता मॅडम आल्या, वाकून पाहिलं आणि चिमट्याने रेझर बाहेर काढला. काळा पडला होता आणि अंगावर बारीक खड्डे. म्हणाल्या, सर, हा मळ नव्हता निघत, रेझर निघत होता. ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही, वरचं संरक्षक कोटिंग आधी जातं आणि मग धातू. हे शाळेत असतं.

असेल. पण ते केमिस्ट्रीत. मी फिजिक्सचा.

नवं वजन सदतीस. आणखी हलका झाला.

२५ जानेवारी, शनिवार

शास्त्रीय अभ्यासाला दोनच धातू पुरे नाहीत, म्हणून आणखी दोन रेझर मागवले होते. आले.

एक, स्टेनलेस स्टीलचा. एकशे बारा ग्रॅम. हातात घेतला की पान्हा धरल्यासारखं वाटतं. यानेही दाढी केली. एकदाच कापलं. पण मी आधीच निष्कर्ष लिहून ठेवल्यामुळे हा आकडा धरलेला नाही.

दोन, पितळी, असं जाहिरातीत लिहिलं होतं. वरून चकचकीत. मूठ आवळताना आतला स्क्रू कट्दिशी तुटला. आत पितळ नाही, राखाडी काहीतरी. दादा दारात उभे होते. त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "जस्ताचा हाय. ओतीव. वरून मुलामा." आणि आत गेले.

ते कसं ओळखलं कुणास ठाऊक. अंदाज असेल.

दादांची दाढी: बारावा दिवस.

२९ जानेवारी, बुधवार

आनंदाची बातमी. कारखान्याच्या सेवानिवृत्त कामगारांच्या मंडळात रविवारी माझं व्याख्यान. विषय: 'हलका धातू, हलकी दाढी'. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब दादांच्याच वर्कशॉपमधले फिटर. मी तीनदा फोन केल्यावर त्यांनी आमंत्रण दिलं.

दादांना म्हटलं, तुम्हीही या. म्हणाले, बघू.

तयारी पूर्ण. विनोद दोन. तुरटीचा मुद्दा शेवटी.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.१५

व्याख्यान झालं. सविस्तर लिहायला हवं.

पंचवीस-तीस मंडळी होती. दादा शेवटच्या रांगेत, गळ्याभोवती मफलर हनुवटीपर्यंत. मी घनतेपासून सुरुवात केली. काळा पडलेला रेझर सगळ्यांत फिरवला आणि हा मॅट फिनिश आहे असं सांगितलं. प्रात्यक्षिकासाठी कुणी पुढे या म्हटलं तर कुणी आलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तुरटीच्या मुद्द्यावर एक जण हसला. नंतर कळलं, त्याला ऐकू येत नाही.

मग काकासाहेब उठले. म्हणाले, "गोरक्षनाथ, तुमी चांगलं सांगितलं. पन आपल्यात टर्नर बसलेला हाय. गहिनी, तू सांग दोन शब्द."

दादांना सभेत बोलताना मी आजवर पाहिलेलं नाही. ते बसूनच बोलले. जेमतेम पाच मिनिटं. ॲल्युमिनियम चांगला, गंजत नाही, लेथवर लोण्यासारखा कापला जातो, पण आट्या मऊ, रोज खोल-बंद केल्या की झिजतात. पितळेच्या आट्या एकमेकींत मुरतात, वर्षानुवर्षं टिकतात. स्टील सगळ्यात टिकाऊ, पण कापायला वेळ खातं आणि हत्याराची धार खातं. जस्ताचं ओतकाम फक्त मिरवायला. आणि जड-हलकं म्हणाल, तर जड रेझर आपल्या वजनानं चालतो. हात थरथरला तरी तो जाग्यावर बसून राहतो. हलक्याला धरणारा हात शांत पाहिजे.

टाळ्या पडल्या. माझ्यापेक्षा जास्त, पण त्यांचं वय धरावं लागेल.

विषय माझाच होता. प्रेरणा माझीच म्हणायला हवी.

दुपारी ४.००

पुढचं मघाशी लिहिलं नाही. लिहितो.

टाळ्या थांबल्यावर काकासाहेबांनी सगळ्यांना सांगितलं की गहिनीचा स्वतःचा रेझर त्याने वर्कशॉपमध्ये बनवलेला आहे. एका ऑफ सीझनला उसाच्या रसाच्या पंपाचं जुनं पितळी बुश, म्हणजे आतली जाड नळी, भंगारात निघालं होतं. साहेबांची परवानगी काढून त्याची मूठ केली. त्या दिवशी लेथला हादरा बसत होता म्हणून खाचा एका बाजूला तिरक्या गेल्या. काकासाहेब तेव्हा म्हणाले होते, दुसरी कर. हा म्हणाला, राहू दे, अंधारात हाताला समजंल कुठली बाजू ती.

मग त्यांनी विचारलं, हाय का रे अजून?

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन शोधत होतो.

दादा म्हणाले, "हाय. घरी हाय."

निघताना काकासाहेबांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी गहिनीनाथचा ऐंशीचा सत्कार, इथंच. आणि दादांना म्हणाले, ती दाढी काढून ये, फोटो काढायचेत, ऋषी दिसतोस.

घरी येताना रिक्षात आम्ही दोघेच होतो. मी पावसाळ्याविषयी बोललो. फेब्रुवारी आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

छबूबाईंकडे गेलो. म्हटलं, एक बारीकशी पितळी वस्तू चुकून मोडीत आली होती. त्या म्हणाल्या, चुकून कशी, तुमीच पिशवीतून काढून वेगळी दाखवली, ह्याचंबी वजन धरा म्हणालात. त्यांची स्मरणशक्ती नको तिथे चांगली आहे.

मोडीचा टेम्पो दोन आठवड्यांपूर्वीच नाशिकला गेला. आतापर्यंत वितळलं असेल, म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, लई महत्त्वाचं हुतं का?

मी म्हणालो, नाही, सहज.

५ फेब्रुवारी, बुधवार

हार मानलेली नाही. योजना तयार: हुबेहूब तसाच बनवून घ्यायचा आणि गुपचूप फळीवर ठेवायचा. एमआयडीसीत एक लेथवाला गाठला. वाल्मिक नाव. भला माणूस. म्हणाला, करू की, ड्रॉइंग द्या. ड्रॉइंग नाही म्हटल्यावर म्हणाला, मग मापं सांगा. लांबी, जाडी, खाचा केवढ्यावर.

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. लहानपणापासून तो रेझर रोज फळीवर पाहिला. लांबी सांगता आली नाही.

फक्त वजन माहीत होतं. तेही डायरीत बघून सांगितलं.

वाल्मिक म्हणाला, वजनावरून मूठ निघत न्हाई, साहेब.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा सत्कार. दादांची दाढी पंचविसावा दिवस. रुपाली म्हणाली, सलूनमध्ये घेऊन जाऊ. दादा नाही म्हणाले. लोकांसमोर खुर्चीत मान हलते, ते बरं दिसत नाही, एवढंच बोलले.

म्हणजे मानही हलते. हे मला माहीत नव्हतं. रुपालीला माहीत होतं.

रुपाली आज माझ्याशी बोलली नाही. वाद झाला नाही, पण याला संकल्प दोन पाळला म्हणता येणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.३०

सांगितलं.

तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. पहिल्यात चूक रुपालीच्या पिशवीची होती. दुसऱ्यात छबूबाईंची. तिसऱ्यात विज्ञानाची. दादा ओट्यावर बसले होते. समोर गेलो आणि यातलं एकही तोंडातून आलं नाही. म्हणालो, तुमचा रेझर मी मोडीत दिला. मुद्दाम दिला.

दादा म्हणाले, "म्हाईत हाय."

कधीपासून, विचारलं. तर त्याच दिवसापासून. नवा डबा आला आणि रेझर गेला, ह्याला काय शाळा लागती व्हय, म्हणाले.

मग विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत. दादांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरून दुधाची गाडी गेली. म्हणाले, "तू लई दिसांनी माज्यासाठी कायतरी आनलं हुतंस. म्हनलं, वापरून बघू."

मी नाशिकच्या टेम्पोचं सांगितलं, वाल्मिकचं सांगितलं. ते म्हणाले, पितळ हाय, कुनाचा तरी तांब्या झाला असंल. पानी पीत असंल कुनी.

एवढं बोलून त्यांनी मांडीवरचं फडकं उघडलं. आत माझा काळा पडलेला ॲल्युमिनियमचा रेझर आणि बारीक पॉलिश पेपर. अर्धा रेझर पुन्हा पांढरा झाला होता. सकाळपासून घासत होते म्हणे. हात हलतो म्हणून वेळ लागतो, पण घासायला हलणारा हात चालतो.

"ॲल्युमिनियम वाईट न्हाई," म्हणाले. "त्याला सोड्यात घालनारा वाईट."

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.००

दादांची दाढी मी केली.

त्यांनीच सांगितलं. मला जड रेझर लागतो, माजा हात हालतो. तुजा हालत न्हाई, तुला हलका चालंल. फक्त दाबू नको.

अंगणात खुर्ची टाकली. रुपालीने कोमट पाणी आणलं आणि टॉवेल गुंडाळला. आधी कात्रीने केस कमी केले, मग ब्रशने फेस. गाल धरायला हात लावला आणि थांबलो. दादांच्या गालाला मी शेवटचा हात कधी लावला होता, आठवेना. मला वाटायचं तितके ते राकट नाहीत. कातडी अगदी मऊ आहे, कागदासारखी.

त्यांची मान हलायची, मी थांबायचो. मान थांबली की मी एक पट्टा ओढायचो. हालणारा हात माझाच निघाला. एकदा त्यांनी माझं मनगट धरलं आणि आपल्या थरथरत्या हाताने रेझरचा कोन बरोबर केला. म्हणाले, पातं टेकव, ढकलू नको. त्याचं त्याला करू दे.

पाऊण तास लागला. हनुवटीखाली एकदा कापलं. एकदाच, पण ते कुणाच्या खात्यावर टाकता येत नाही. पाणी कोमट होतं, उजेड भरपूर होता, पातं नवं होतं, रुपालीने हाक मारली नव्हती.

कापूस लावला. सॉरी म्हणालो. दादा म्हणाले, चालायचंच, पहिलीच हाय.

संध्याकाळी ७.४०

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुलाबाचा हार. काकासाहेबांनी विचारलं की इतकी गुळगुळीत कुणी केली. दादा म्हणाले, "पोरानं."

फोटो ग्रुपवर आलेत. सगळ्यांत दादांच्या हनुवटीवर कापूस आहे. झूम न करताही दिसतो. एका फोटोखाली कुणीतरी विचारलंय, गहिनीभाऊंना लागलंय का.

मी दादांना म्हटलं, रक्त केव्हाच थांबलं होतं, फोटोआधी काढून टाकायचा ना. ते म्हणाले, ध्यानात न्हाई राह्यलं.

रुपाली म्हणते, घरातून निघताना ते आरशासमोर दोनदा थांबले होते.